मासळीचे बियाणे राखू या

कोकणातील भातशेतकऱ्याची एक जुनी शिस्त आहे. सुगी आटोपली म्हणजे तो चांगल्या भरलेल्या लोंब्यांचे भात निवडतो, ते उन्हात नीट वाळवितो आणि पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून माळ्यावर ठेवून देतो. पुढे वैशाखात घरातील कणगी तळाला जाते, शेजाऱ्याकडून पायलीभर उसने आणण्याची पाळी येते, तरी त्या मुड्याची गाठ तो सोडीत नाही. बियाणे खाणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक आजच खाणे होय, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

समुद्रालाही असेच बियाणे आहे. परंतु ते कोणाच्या माळ्यावर बांधून ठेविलेले नसते. ते सर्वांच्या मालकीचे, पाण्याखाली दृष्टीआड असलेले आणि सतत फिरते असे आहे. त्यामुळे कोणती मासळी पीक म्हणून काढावी आणि कोणती बियाणे म्हणून राखावी, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी मोजमाप लागते, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष बंदरावरील माणसापर्यंत पोहोचवावे लागतात. या कामी शास्त्रीय संशोधनाचा आपणांस काय उपयोग होतो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

शेतीच्या पत्रिकेत मासळीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. रत्नागिरी जिल्ह्यात शेत आणि दर्या यांत फारसे अंतर नाही. पावसाळ्यात भात-नाचणी आणि नंतर मासेमारी, किंवा एक भाऊ शेतात तर दुसरा होडीवर, अशी कुटुंबे येथे गावोगाव आढळतात. शिवाय महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा पिकाच्या बियाण्याविषयी आपण जितक्या आस्थेने बोलतो, तितक्याच आस्थेने मासळीच्या बियाण्याविषयीही बोलणे प्राप्त आहे.

एका तांडेलाचा प्रश्न

गेल्या हंगामात रत्नागिरी तालुक्यातील एका बंदरावर पहाटे जाण्याचा योग आला. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. लिलावासाठी मांडलेल्या टोपल्यांत एका बाजूस चांगला पोसलेला बांगडा होता, तर दुसऱ्या बाजूस पाच-सहा टोपल्या भरून बोटा-दीड बोटाएवढ्या रुंदीची कोवळी पिल्ले होती. पहिल्या मालाभोवती मासे विकणाऱ्या बायांची गर्दी होती. दुसऱ्या मालाकडे कोणी वळून पाहीना. तो माल खाण्यासाठी नव्हे, तर भुकटीच्या कारखान्यासाठी कवडीमोलाने जावयाचा होता.

होडीच्या वयस्क तांडेलास मी विचारले, "मामा, ही पिल्ले आणखी थोडी वाढली असती तर बरे नव्हते का?"

ते म्हणाले, "साहेब, हे आम्हांला कळत नाही असे का वाटते तुम्हांला? पण आम्ही सोडली तर मागून येणारा धरील. डिझेलचे पैसे तर आम्हांला द्यायचेच आहेत. मग आम्ही एकट्यानेच सोडून काय होणार?"

हा प्रश्न रास्त आहे. त्यात अज्ञान नाही, आळस नाही आणि लोभही फारसा नाही. मासेमारीच्या नियमनाची खरी अडचण त्या एका प्रश्नात आली आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी पिल्ले पकडल्याने नेमके काय बिघडते, ते पाहू.

नुकसान दोन प्रकारचे

लहान मासळी पकडल्याने होणारे नुकसान दुहेरी आहे. शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर एक नुकसान दुधात असलेली कणसे कापण्याचे आणि दुसरे बियाणे खाण्याचे.

पहिले नुकसान वजनाचे. मासा लांबीबरोबर रुंदीस आणि जाडीसही वाढत असतो. त्यामुळे त्याची लांबी दुप्पट झाली म्हणजे वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते. दहा सेंटीमीटर लांबीचा बांगडा अदमासे १० ग्रॅम भरतो, म्हणजे किलोला शंभर नग बसतात. तोच वीस सेंटीमीटरचा झाला म्हणजे निदान ८० ग्रॅम भरतो. आता उदाहरणादाखल असे धरा की, आपण एक किलो, म्हणजे शंभर पिल्ले, पाण्यातच राहू दिली. त्यांतील साठ पिल्ले मोठ्या माशांनी खाल्ली किंवा अन्य कारणाने मेली. उरलेली चाळीस वाढून वीस सेंटीमीटरची झाली, तर त्यांचे वजन ३ किलो २०० ग्रॅम होईल. निम्म्याहून अधिक पिल्ले गमावूनही माल तिपटीहून जास्त मिळाला, आणि तो भुकटीच्या भावाने न जाता खाण्याच्या मासळीच्या भावाने गेला.

दुसरे नुकसान वंशाचे. मासा विशिष्ट लांबीचा झाल्याशिवाय अंडी घालीत नाही. त्या लांबीपूर्वीच तो जाळ्यात आला, तर त्याच्या हातून एकदाही प्रजोत्पादन घडत नाही. काही पिल्ले पकडली गेल्याने समुद्र ओस पडत नाही, कारण एकेक मादी हजारो अंडी घालते. पण प्रतिवर्षी बहुसंख्य मासे अंडी घालण्यापूर्वीच पकडले जाऊ लागले, म्हणजे पुढच्या पिढीस जन्म देणारे मासेच उरत नाहीत. पहिले नुकसान त्याच वर्षी डोळ्यांस दिसते. दुसरे मात्र काही वर्षांनी, आणि पुष्कळदा एकाएकी, प्रत्ययास येते.

संशोधक काय मोजतात?

या विषयाचा अभ्यास करणाऱ्या संस्था आपल्या दाराशीच आहेत. रत्नागिरीस १९५८ साली सागरी जैविक संशोधन केंद्र सुरू झाले. १९७२ साली दापोली येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, आणि पुढे हे केंद्र त्या विद्यापीठाकडे आले. हेच विद्यापीठ आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याचेच मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आहे. देशपातळीवर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून काम करीत असून तिचे मुख्यालय कोची येथे आहे. जाळी, होड्या आणि मासळीची प्रक्रिया यांवर कोची येथीलच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून संशोधन करीत आहे.

या संशोधनाची पद्धत गूढ मुळीच नाही. संशोधक दर महिन्यास बंदरावर येतात आणि उतरलेल्या मालातून नमुना घेतात. प्रत्येक मासा लाकडी मोजपट्टीवर ठेवून त्याची लांबी घेतली जाते व वजन केले जाते. मग पोट उघडून गाभोळी कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहिले जाते. अशी शेकडो माशांची नोंद झाली म्हणजे ज्या लांबीच्या माशांपैकी निम्मे मासे पक्व आढळतात, ती त्या जातीची प्रथम पक्वतेची लांबी ठरते. ज्या महिन्यांत पिकलेली गाभोळी सर्वाधिक आढळते, तो तिचा अंडी घालण्याचा काळ ठरतो. लांबीच्या नोंदी महिन्यामागून महिने पाहिल्या असता मासा किती वेगाने वाढतो, हेही समजते.

याखेरीज एकूण किती मासळी उतरली, याचा अंदाज घ्यावा लागतो. किनाऱ्यावरील प्रत्येक बंदरावर रोज माणूस ठेवणे शक्य नाही. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडून, काही बंदरे व काही दिवस निवडून, तेथील होड्यांचा माल मोजला जातो आणि त्यावरून संपूर्ण किनाऱ्याचे उत्पादन काढले जाते. पीक कापणी प्रयोगात निवडलेल्या शेतातील ठराविक तुकड्याची कापणी करून तालुक्याचे उत्पादन काढतात, तसाच हा प्रकार आहे.

येथे एक सावधगिरी ठेवावी लागते. एकूण उत्पादनाचा आकडा वाढला म्हणजे समुद्रात मासळी वाढली, असे होत नाही. उदाहरणार्थ, दहा होड्यांनी एका दिवसात एक हजार किलो मासळी आणली आणि पुढे वीस होड्यांनी बाराशे किलो आणली, तर कागदावर उत्पादन वाढलेले दिसते. पण होडीमागे १०० किलोंवरून ६० किलोंवर घसरण झालेली असते. म्हणून संशोधक दर होडीमागे, दर फेरीमागे व दर तासामागे किती माल आला, याचा हिशेब ठेवतात. टोपलीतील मोठे मासे वर्षानुवर्षे कमी होत जाऊन सरासरी लांबी उतरू लागली, तर तीही धोक्याची खूण समजली जाते. या दोन गोष्टी आमच्या तांडेलांस आणि मासे विकणाऱ्या बायांस वही न उघडताही जाणवतात. संशोधनाने त्या जाणिवेस आकड्यांचा आधार मिळतो.

दोष समुद्राचा की जाळ्याचा?

मासळी कमी झाली म्हणजे काही लोक सर्व दोष वाऱ्यापाण्यास देतात, तर काही शेजारच्या गावच्या जाळ्यास देतात. दोन्हींत तथ्य असू शकते. कोणत्या वर्षी कशाचा वाटा किती, हे निवडून काढणे हेच संशोधनाचे मोठे काम आहे.

२०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २ लाख ९५ हजार टन सागरी मासळी उतरली होती. २०१९ साली हा आकडा सुमारे २ लाख १ हजार टनांवर आला. पंचेचाळीस वर्षांतील ते नीचांकी उत्पादन होते. परंतु त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार आणि महा अशी चक्रीवादळे एकामागून एक आली आणि ऐन हंगामातील कितीतरी दिवस होड्या बंदरातच बांधून राहिल्या. अशा एका वर्षाच्या आकड्यावरून मासळी संपली असा निष्कर्ष काढणे चूक ठरले असते.

याउलट तारलीचे उदाहरण पाहा. केरळात २०१२ साली तारलीचे उत्पादन ४ लाख टनांच्या घरात गेले होते. २०२१ साली ते साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. संशोधकांनी याची कारणे तपासली, तेव्हा समुद्राच्या तापमानातील फेरफार, २०१५ सालच्या एल निनोचा परिणाम आणि तारलीच्या खाद्याची कमतरता ही कारणे तर पुढे आलीच, शिवाय त्यापूर्वीच्या वर्षांत झालेली लहान तारलीची अतोनात मासेमारी हेही एक कारण दिसून आले. त्यानंतर तारली पुन्हा वाढू लागली आहे. यातून घेण्यासारखा बोध असा की, समुद्राची लहर आपल्या हाती नाही, पण जाळे आपल्या हाती आहे. दुष्काळ येणारच असेल, तर तो बियाणे शिल्लक असताना यावा.

संशोधनही चुकू शकते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत कॉड नावाच्या माशाची शेकडो वर्षे मासेमारी चालत होती. मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर कॉड येतो, यावर अंशतः विसंबून तेथील शासकीय अंदाज प्रत्यक्षाहून मोठे धरले गेले. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मासा कमी व लहान झाल्याचे सांगत होते, पण त्यांच्या सांगण्याकडे वेळीच पुरेसे लक्ष गेले नाही. अखेर २ जुलै १९९२ रोजी ही मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी तीस वर्षांहून अधिक काळ चालली. बंदरावरील माणसाचा अनुभव आणि संशोधकाची नोंद यांची सांगड राहिली नाही, म्हणजे दोघांचेही नुकसान होते, हा त्यातील धडा आहे.

मोजमापावरून आलेले नियम

आज जे नियम आपणांस जाचक वाटतात, त्यांतील बहुतेकांच्या मागे वर सांगितलेली मोजमापे आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नियम सांगताना त्यामागील कारणही सांगावे, म्हणून त्यांची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

पहिला नियम माशाच्या किमान लांबीचा. केरळ राज्याने २०१५ साली १४ जातींसाठी अशी मर्यादा घातली. महाराष्ट्र शासनाने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून २०२३ साली ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्यानुसार बांगडा १४० मिलिमीटर, सरंगा १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर आणि सुरमई ३७० मिलिमीटर याहून लहान पकडावयाची नाही. बांगड्याची १४० मिलिमीटर लांबी म्हणजे सुमारे साडेपाच इंच. अंगठे सोडून दोन्ही हातांची चार-चार बोटे शेजारी शेजारी ठेविली असता जेवढी रुंदी भरते, जवळजवळ तेवढीच ही लांबी होय. ही कमीत कमी मर्यादा आहे. मासा याहून मोठा होऊ दिला, तर हित अधिकच. सरंग्यास, म्हणजे पापलेटास, शासनाने २०२३ सालीच राज्य मासा घोषित केले आहे.

दुसरा नियम जाळ्याच्या आसाचा. ट्रॉल जाळे ओढले जात असताना त्याच्या शेवटच्या पिशवीतील शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताणाने मिटतात आणि लहान मासा बाहेर निसटू शकत नाही. चौकोनी आस ताण बसला तरी उघडे राहतात. म्हणून त्या पिशवीस ४० मिलिमीटरचे चौकोनी आस असावेत, अशी शिफारस मत्स्य तंत्रज्ञांनी प्रयोगाअंती केली. पिल्ले पकडून मग पाण्यात फेकून देण्यापेक्षा ती जाळ्यातूनच निसटू देणे केव्हाही चांगले, कारण होडीवर आलेली पिल्ले बहुधा जगत नाहीत.

तिसरा नियम पावसाळी बंदीचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करूनच दर्यात जावयाचे, या आपल्या पूर्वापार रीतीशी हा नियम मिळताजुळता आहे. वादळी हवेत जीव वाचावा, हा त्यातील एक हेतू आणि पुष्कळ जातींना अंडी घालण्यास निवांतपणा मिळावा, हा दुसरा. परंतु सर्वच जाती याच दोन महिन्यांत अंडी घालतात असे नाही. म्हणून नुसती पावसाळी बंदी पाळून भागत नाही. किमान लांबीचा नियम वर्षभर पाळावा लागतो.

चौथा नियम पर्ससीन जाळ्यांसंबंधी आहे. मोठा थवा चोहोबाजूंनी वेढून तळाशी दोर आवळणारे हे जाळे एका फेरीत प्रचंड माल काढते. या मासेमारीचा परिणाम तपासण्यासाठी शासनाने डॉ. वि. सु. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतर शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. राज्याच्या जलक्षेत्रात ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती असावी, आस २५ मिलिमीटरहून लहान नसावा आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करून अखेर १८२ वर आणावेत, असे त्यात ठरविण्यात आले. प्रखर विजेचे दिवे लावून मासेमारी करण्यास केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनाई केली. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा असून २०२१ साली त्यात सुधारणा होऊन दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या.

या नियमांवरून रापणीचे मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात अनेक वर्षे वाद चालू आहेत, हे जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्या वादात कोणाची बाजू घेऊ नये. मात्र पिल्लू कोणत्या जाळ्यात आले, याने त्याचे वय बदलत नाही. लहान आसाच्या रापणीत आलेले पिल्लूही पिल्लूच होय, ही गोष्ट सर्वांसमक्ष सांगण्यास संकोच बाळगू नये.

खाडीतील शिंपले: गावाच्या हातातील काम

मोठ्या होड्यांचे नियमन शासनास करावे लागते. परंतु भाट्ये, साखरतर, जैतापूर यांसारख्या खाड्यांच्या काठी ओहोटीच्या वेळी आमच्या भगिनी तिसऱ्या, मुळे व कालवे गोळा करतात. ते काम होडीवाचून व परवान्यावाचून चालते आणि त्यातून घराची कालवणाची गरज भागून चार पैसेही हाती येतात. येथे गावाने मनावर घेतले, तर पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

केरळातील कोल्लम जिल्ह्यात अष्टमुडी नावाचा खाडीसारखा जलाशय आहे. तेथे शिंपल्यांचे उत्पादन १९९१ साली सुमारे १० हजार टनांपर्यंत गेले आणि लगेच दोन वर्षांत निम्म्यावर आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी शिंपल्यांची वाढ आणि अंडी घालण्याचा काळ अभ्यासून काही उपाय सुचविले. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शिंपले काढणे बंद ठेवावे, जाळ्याचा आस ३० मिलिमीटरहून लहान नसावा आणि किलोला १४०० नगांहून अधिक भरेल इतके बारीक मांस निर्यात करू नये, असे ते उपाय होत. स्थानिक लोकांनी ते मान्य केले. उत्पादन सावरले, सुमारे ३ हजार लोकांचा निर्वाह टिकला आणि २०१४ साली या शिंपल्यांस मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील मत्स्यव्यवसायास मिळालेले असे ते पहिलेच प्रमाणपत्र होते. पुढे अलीकडच्या वर्षांत तेथील उत्पादन पुन्हा घटले, तेव्हा संस्थेने शिंपल्यांचे बी त्या पाण्यात सोडण्याचे काम हाती घेतले. म्हणजे राखण एकदा करून संपत नाही. शेताप्रमाणे तीही दरसाल करावी लागते.

त्याच कुळातील शिंपले आपल्या खाड्यांतही आहेत. शिनाणे दोरावर वाढविण्याचे प्रयोगही रत्नागिरीच्या किनाऱ्यावर झालेले आहेत. आपल्या खाडीतील कोणती जात कोणत्या महिन्यांत राखावी, याचा सल्ला रत्नागिरीचे केंद्र आणि शिरगावचे महाविद्यालय यांच्याकडून घेता येईल.

तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या तांडेलमामांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांनी एकट्याने पिल्ले सोडली, तर मागचा धरील, हे खरे आहे. पण असा पेच आपल्या गावांस नवा नाही. सगळ्यांची शेते कापून होईपर्यंत कोणी गुरे मोकळी सोडावयाची नाहीत, असे गावकी ठरविते. एकट्याने आपले गुरू बांधून ठेवल्याने शेजाऱ्याचे शेत वाचत नाही. पण सगळ्यांनी बांधली म्हणजे सगळ्यांची शेते वाचतात. देवराईतील झाडही असेच सर्वांच्या संमतीने राहिलेले आहे. दर्यासाठीही एकमेकांस बांधून घेणारा असाच ठराव हवा. किती लांबीचा मासा सोडावा, हे संशोधक सांगू शकतो. न सोडणाऱ्यास दंड करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पण रोज पहाटे बंदरावर न संशोधक असतो, न अधिकारी. तेथे असतात ते तांडेल, खलाशी, लिलाव करणारे आणि मासे घेणाऱ्या बाया. पिल्लांची टोपली कोणी बोलीसच घेतली नाही, तर ती पकडण्यात कोणास फायदा राहणार नाही. मागून येणाऱ्या होडीसही मग तोच हिशेब लागू होईल.

या दृष्टीने गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत:

१. आपल्या बंदरावर नेहमी येणाऱ्या आठ-दहा जातींची किमान लांबी मोठ्या अक्षरांत लिहून लिलावाच्या जागी फलक लावावा. शेजारी लाकडी मोजपट्टी टांगून ठेवावी. प्रत्येक जातीची लांबी कोठून कोठवर मोजावी, ते मत्स्यव्यवसाय विभागाकडून आधी समजून घ्यावे.

२. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत किमान लांबीचा विषय ठेवावा. सभेस होडीमालकांबरोबर खलाशी आणि मासे विकणाऱ्या भगिनी यांनाही बोलवावे. लहान माल लिलावास घ्यावयाचा नाही, असा ठराव झाल्यास त्याची प्रत मत्स्यव्यवसाय विभागास पाठवावी.

३. संशोधन संस्थेचे लोक नमुने घेण्यास आले असता त्यांस मोकळेपणाने माहिती द्यावी. खरा आकडा सांगितल्याने कर वाढतो, हा समज निराधार आहे. खोट्या आकड्यांवरून केलेला नियम मात्र सर्वांसच जाचतो.

४. मोठ्या तांडेलांनी एक वही ठेवावी. तारीख, गेलेले तास, लागलेले डिझेल, मुख्य जाती आणि टोपल्यांची संख्या एवढे लिहिले तरी पुरे. तीन वर्षांनी ती वही आपल्या बंदराची खरी साक्ष देईल.

५. खाडीकाठच्या गावांत महिला बचत गटांनी तिसऱ्या-मुळ्यांसाठी एखादा पट्टा आळीपाळीने राखून पाहावा. बोटाच्या पेराहून बारीक शिंपला परत चिखलात टाकावा.

६. गावात सागरमित्र नेमलेला असल्यास त्याच्याशी संपर्क ठेवून नियमांतील बदल वेळोवेळी ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खारवी, भंडारी, गाबीत, दालदी अशा अनेक समाजांचा निर्वाह या दर्यावर आहे. त्यांच्यात जाळ्यांवरून मतभेद असले, तरी पुढील वर्षीही मासळी यावी, याविषयी मतभेद नाही. यंदाच्या हंगामात निदान एका बंदरावर मोजपट्टी टांगली जावी आणि आठ बोटांहून लहान बांगड्याची टोपली बोलीवाचून पडून राहावी, एवढे साधले तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल. माळ्यावरच्या मुड्याची गाठ आपण पिढ्यानपिढ्या राखीत आलो आहोत. दर्यातील बियाण्याचीही तशीच राखण करू या.